तटाबाहेरच्या राहुट्या

कॉर्सिका बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर काल्वी नावाचे गाव आहे. समुद्रात घुसलेल्या खडकावर जेनोवाकरांनी उभारलेला किल्ला, पायथ्याशी छोटे बंदर, आणि बंदर संपते तिथून सुरू होणारा चंद्रकोरीसारखा वाळूचा पट्टा. किल्ल्याच्या दरवाजावर लॅटिनमध्ये एक ओळ कोरली आहे. तिचा अर्थ, 'काल्वी नगरी, सदैव एकनिष्ठ'. तिथून साडेपाचशे किलोमीटर नैऋत्येला, स्पेनच्या मायोर्का बेटाच्या ईशान्य टोकाशी, अल्कुदिया हे दुसरे तटबंदीचे गाव. त्यालाही सम्राट पाचव्या चार्ल्सने १५२३ मध्ये 'परम एकनिष्ठ' असा किताब दिला होता.

या दोन एकनिष्ठ गावांचा परस्परांशी थेट संबंध इतिहासात फारसा आला नाही. तो आला १९५० च्या उन्हाळ्यात, आणि तोही तटाच्या आत नव्हे तर बाहेर, वाळूवर. त्या वर्षी मे महिन्यात काल्वीच्या किनाऱ्यावर इंग्रज प्रवाशांची पहिली तुकडी विमानाने उतरली. प्रवास, राहणे, जेवण यांचे पैसे लंडनमध्ये एकदाच भरलेले होते. त्यानंतर काही आठवड्यांतच अल्कुदियाच्या उपसागरावर एका नव्या फ्रेंच क्लबाने आपला पहिला तळ ठोकला. आज आपण ज्याला 'पॅकेज टूर' म्हणतो त्याचा हवाई अवतार पहिल्या घटनेतून निघाला. 'रिसॉर्ट' म्हणतो त्याचा एक मोठा झरा दुसऱ्या घटनेतून. दोन्हींकडे राहायला होते ते तंबू. आणि दोन्हींचे मूळ एकच होते, काल्वीचाच आदल्या वर्षीचा एक तळ.

पर्यटनाचा इतिहास सांगताना टॉमस कुकपासून सुरुवात करून रेल्वे, आगबोट, हॉटेल अशा पायऱ्या चढत विमानापर्यंत येण्याची पद्धत आहे. या जिन्यात तंबूची पायरी नसते. मला ती महत्त्वाची वाटते. कारण हे तंबू हौशी भटक्यांचे नव्हते, नुकत्याच संपलेल्या महायुद्धाचे होते.

पण आधी एक साधा प्रश्न. एवढे सुंदर किनारे १९५० पर्यंत रिकामे कसे राहिले?

उत्तर दोन शब्दांत देता येते : चाचे आणि हिवताप. भूमध्य समुद्राकाठच्या माणसाला वाळूचा किनारा ही सुखाची जागा कधीच वाटली नव्हती. शत्रू तिथे उतरत असे. अल्कुदियाच्या वेशीबाहेर रोमन पोलेंतिया नगरीचे अवशेष आहेत. इ. स. पूर्व १२३ मध्ये मेटेलस या रोमन सेनानीने ही बेटे जिंकली, तेव्हा इथल्या प्रसिद्ध गोफणदारांच्या दगडांपासून बचाव म्हणून त्याने गलबतांवर कातडी ताणून घेतली होती, असे स्ट्रेबो सांगतो. इबेरियातून ३,००० वसाहतकरी आणून त्याने पाल्मा आणि पोलेंतिया इथे वसवले. रोमनांच्या पडझडीनंतर ही नगरी ओसरली, पुढे अरब आले. 'अल्कुदिया' हे नावच अरबी, टेकडी या अर्थाचे. १२२९ मध्ये आरागॉनच्या पहिल्या जौमेने बेट घेतले आणि १२९८ पासून दुसऱ्या जौमेने त्या टेकडीवर नवे गाव वसवून त्याला तट घालायला घेतला. लक्षात घेण्याजोगे हे की गाव पाण्याला लागून नाही. उपसागर दिसेल इतके जवळ आणि उतरलेल्या टोळीला वेशीपर्यंत यायला वेळ लागेल इतके दूर, असे ते बसवलेले आहे.

हा अंदाज बरोबर होता हे सोळाव्या शतकाने दाखवून दिले. तुर्गुत रईस, ज्याला युरोपात द्रागुत म्हणतात, त्याच्या लोकांनी मे १५५० मध्ये शेजारच्या पोयेन्सा गावावर हल्ला केला. त्या रात्रीची लढाई तिथे दर वर्षी २ ऑगस्टला गल्लीबोळांतून अजून खेळली जाते. हाच तुर्गुत पुढे फ्रेंचांशी हातमिळवणी करून कॉर्सिकावर गेला. बोनिफाचो पडले, पण १५५३ आणि १५५५ अशा दोन्ही खेपांना काल्वी पडले नाही. दरवाजावरच्या एकनिष्ठेमागे हा इतिहास आहे. अल्कुदियाची एकनिष्ठा मात्र निराळी, आणि मला विचाराल तर थोडी संशयास्पद. १५२१ ते १५२३ या काळात मायोर्कातले कारागीर आणि शेतकरी करांविरुद्ध उठले, तेव्हा पळालेल्या सरदारांना या गावाने तटाआड आसरा दिला आणि बंडवाल्यांचा वेढा सोसला. सम्राटाची शाबासकी होती ती त्याबद्दल. किताब दोन्हींकडे एकच. पण एका गावाने परक्या आरमाराला दार बंद केले, दुसऱ्याने आपल्याच बेटावरच्या गरिबांना.

चाचे गेले तरी हिवताप राहिला. १७९४ च्या उन्हाळ्यात इंग्रजांनी काल्वीला वेढा घातला. तोफगोळ्याने उडवलेल्या दगडवाळूने होरेशिओ नेल्सनच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली ती इथेच, जुलै महिन्यात. पण इंग्रज फौजेचे खरे हाल केले ते तोफांनी नव्हे, भोवतीच्या दलदलीने. किल्ला १० ऑगस्टला शरण आला तेव्हा वेढा घालणाऱ्यांतले शेकडो शिपाई तापाने फणफणत पडले होते. अल्कुदियाच्या दक्षिणेला आल्बुफेरा नावाची मोठी पाणथळ होती. ग्लासगो शहराला कॅट्रिन सरोवराचे पाणी आणून देणारा जॉन फ्रेडरिक बेटमन हा नामांकित इंग्रज अभियंता १८६० च्या दशकात ती कोरडी करायला गेला. कालवे खणले, पंप बसवले, पण खारे पाणी जमिनीत मुरतच राहिले आणि शेतीचा बेत फसला. 'इंग्रजांचा पूल' एवढे नाव मागे उरले. कॉर्सिकाच्या किनाऱ्यावरून हिवताप हटला तो तर दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकी सैन्याने डी.डी.टी. फवारले तेव्हा. त्याच सैन्याने बेटावर ठिकठिकाणी विमानांच्या धावपट्ट्या केल्या. काल्वीजवळची धावपट्टी त्यांतलीच. डास गेला आणि विमान उतरायला जागा झाली. सुट्टीचा किनारा तयार व्हायला लागणाऱ्या या दोन्ही गोष्टी युद्ध ठेवून गेले.

माणसे कुठून आली? पहिल्यांदा आले ते रशियातून. १९२१ मध्ये क्रांतीतून निसटलेल्या निर्वासितांना घेऊन 'रिऑन' नावाचे जहाज कॉर्सिकाच्या अजाक्सिओ बंदराला लागले. त्यातले काही बेटावरच राहिले. रास्पुतिनच्या खुनात सामील असलेला राजपुत्र फेलिक्स युसुपोव्ह यानेही विसाच्या दशकात काल्वीला घर केले. त्याच्यासोबत आलेल्या ताओ नावाच्या कॉकेशसकडच्या माणसाने पुढे किल्ल्यात, बिशपच्या जुन्या वाड्यात, रात्रीची नाचगाण्याची बैठक सुरू केली. तीसच्या दशकात या रशियन मंडळींनी पोहण्याच्या हौसेतून वाळूवर राहुट्या ठोकून उन्हाळी तळ सुरू केला. नाव ठेवले 'पांढरे अस्वल'. देश गेलेला, हुद्दा गेलेला, आणि आता तंबूत राहून समुद्रात डुंबायचे. या नावात मला थोडा स्वतःवरचा विनोद दिसतो.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये एक कायदा झाला. जून १९३६ मध्ये लिऑं ब्लूमच्या सरकारने कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची पगारी रजा दिली. लिओ लाग्रांज या तरुण मंत्र्याने रेल्वेकडून ४० टक्के सवलतीचे तिकीट मिळवून दिले. लाखो लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. हॉटेल परवडणे शक्य नव्हते, तेव्हा सायकल, तंबू आणि शेतकऱ्याचे कुरण हाच मार्ग. तंबू ही त्या पिढीच्या डाव्या विचारांच्या तरुणांची जणू खूणच झाली.

तीनच वर्षांनी त्याच फ्रान्सच्या एका किनाऱ्यावर तळाचे दुसरे रूप दिसले. फेब्रुवारी १९३९ मध्ये कॅटलोनिया पडल्यावर साडेचार लाखांहून अधिक स्पॅनिश निर्वासित सीमा ओलांडून आले. त्यांतल्या हजारो स्त्रीपुरुषांना आर्जेलेस गावाच्या किनाऱ्यावर काटेरी तारांच्या आत, उघड्या वाळूवर ठेवले गेले. सुरुवातीला छप्पर असे नव्हतेच. लोक वाळूत खड्डे खणून वाऱ्यापासून आडोसा करत. रॉबर्ट कापाने त्या मार्चमध्ये काढलेली छायाचित्रे उपलब्ध आहेत. कायदा होता पगारी रजेचा, किनारा तोच भूमध्याचा, ऋतू तेवढा हिवाळा. मग महायुद्ध आले आणि 'कॅम्प' या शब्दाला युरोपात जो अर्थ चिकटला तो इथे उगाळण्याची गरज नाही.

हे सारे ध्यानात घेतल्याशिवाय जेरार ब्लिट्झ हा माणूस कळत नाही. अँटवर्पच्या हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या ज्यू कुटुंबातला त्याचा जन्म, १९१२ चा. वडील मॉरिस यांनी बेल्जियमच्या वॉटरपोलो संघातून १९२० आणि १९२४ अशा दोन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवलेले. जेरारही पट्टीचा पोहणारा. युद्धात तो भूमिगत चळवळीत होता. युद्ध संपल्यावर बेल्जियम सरकारने त्याच्यावर एक काम सोपवले. नाझी छळछावण्यांतून जिवंत परतलेल्यांना आल्प्सच्या पायथ्याशी ठेवून, खाऊपिऊ घालून, पुन्हा माणसांत आणायचे. तिथे त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. औषधपाण्याइतकाच ऊन, खेळ आणि चारचौघांत बसून केलेल्या जेवणाचा उपयोग होतो. त्याच्या क्लबाची कल्पना या अनुभवातून आली असे सर्रास लिहिले जाते. त्यात थोडी दंतकथा मिसळली असेलही, पण क्रम पाहता ते पटण्यासारखे आहे.

१९४९ मध्ये काल्वीच्या किनाऱ्यावर दिमा फिलिपॉफ या रशियन गृहस्थाने जुन्या 'पांढऱ्या अस्वला'च्या धर्तीवर 'क्लब ऑलिंपिक' नावाने तळ पुन्हा सुरू केला. त्या उन्हाळ्यात तिथे दोन पाहुणे येऊन गेले. एक ब्लिट्झ, त्याच्या घरच्यांचा या क्लबाशी संबंध होताच. दुसरा व्लादिमिर राइट्झ. मॉस्कोत जन्मलेला, लंडनमध्ये शिकलेला आणि रॉयटर्समध्ये नोकरीला असलेला सत्तावीस वर्षांचा पत्रकार. एकाच वाळूवर दोघांनी दोन वेगवेगळ्या गोष्टी पाहिल्या.

राइट्झला दिसली ती वाहतुकीची अडचण. लंडनहून काल्वीला पोचायचे म्हणजे आगगाडी, बोट, पुन्हा आगगाडी, पुन्हा बोट. सरकारी कंपनीच्या विमानाने नीसपर्यंत जायचे तर मध्यमवर्गीयाच्या आवाक्याबाहेरचे भाडे. पण युद्धातून मोकळी झालेली डाकोटा विमाने भाड्याने मिळत होती आणि काल्वीला धावपट्टी तर होतीच. आजीकडून आलेले ३,००० पौंड त्याने यात घातले. नागरी विमान खात्याने महिनोन्‌महिने अडवून अखेर परवाना दिला, तो अशा अटीवर की प्रवासी केवळ विद्यार्थी आणि शिक्षक असावेत. सरकारी विमान कंपनीचे गिऱ्हाईक फुटू नये, हा हेतू. २० मे १९५० रोजी गॅटविकहून ३२ आसनांचे पहिले विमान निघाले. दर माणशी साडेबत्तीस पौंड. त्यात जाणे-येणे, दोन आठवडे सैन्याच्या जुन्या तंबूत खाट, दोन वेळचे मांसाहारी जेवण आणि हवी तेवढी वाइन. आज ही जाहिरात वाचताना 'दोन वेळ मांस' हे शब्द नजरेतून सुटतात. १९५० च्या ब्रिटनमध्ये ते सुटणे शक्य नव्हते. तिथले मांसाचे रेशनिंग १९५४ मध्ये उठले. हिंडण्याइतकेच पोटभर खायला मिळावे म्हणूनही ही माणसे समुद्रापार गेली असली पाहिजेत. पहिल्या हंगामात तीनेकशे प्रवासी मिळाले. नफा झाला नाही, पण दुकान बुडालेही नाही.

ब्लिट्झला दिसले ते वेगळे. एप्रिल १९५० मध्ये त्याने पॅरिसमध्ये 'क्लब मेदितेरानी' ही ना-नफा संस्था नोंदवली. तंबू हवे होते. ते मिळाले जिल्बेर त्रिगानोकडून. त्रिगानोच्या घरचा ताडपत्र्यांचा धंदा, आणि अमेरिकी सैन्याने सोडलेल्या तंबूंचा साठा बाजारात भरपूर. त्रिगानो स्वतः प्रतिकार चळवळीतला, कम्युनिस्ट, पक्षाच्या 'ल्युमानिते' दैनिकात काम केलेला. आणि हे तंबू गेले कुठे, तर फ्रँकोच्या स्पेनमध्ये. ज्या राजवटीपासून पळून आलेली माणसे अकरा वर्षांपूर्वी आर्जेलेसच्या वाळूत झोपली होती, तिथे. फ्रान्स-स्पेन सीमा १९४६ ते १९४८ बंदच होती. अल्कुदियाच्या शेजारच्या पोयेन्साच्या उपसागरातून यादवी युद्धात जर्मन समुद्री विमाने रिपब्लिकन शहरांवर उडत होती. स्पेनमध्ये शिधापत्रिका १९५२ पर्यंत चालू होत्या. म्हणजे इंग्रज जिथे पोटभर जेवायला जात होते त्याच्या पलीकडच्या बेटावर फ्रेंच लोक जाऊन उतरले ते अर्धपोटी गावाशेजारी. या विसंगतीची बोच कोणाला लागली का, हा प्रश्न मला राहून राहून पडतो. स्पेन स्वस्त होता, जागा मिळाली, सरकारला परकी चलन हवे होते. बहुतेक गोष्टी अशाच ठरतात.

अल्कुदियाच्या त्या उन्हाळ्यात दोन हजारांहून अधिक लोक आले. सोयी जेमतेम. सैनिकी खाटा, तंबूत अनोळखी सोबती, जेवण साधे, हातभार सगळ्यांचा. पण ब्लिट्झने एक नियम केला होता, आणि माझ्या मते त्याचा सगळा क्लब त्या नियमात होता. एकमेकांना 'वू' म्हणायचे नाही, 'त्यु' म्हणायचे. फ्रेंच 'वू' म्हणजे आपले 'तुम्ही', 'त्यु' म्हणजे 'तू'. मराठी वाचकाला याचे महत्त्व वेगळे समजावण्याची गरज नाही. कचेरीतल्या साहेबाला पहिल्या दिवसापासून अरेतुरे करायचे, यासाठी केवढे धाडस लागते ते आपण जाणतो. पोहण्याच्या कपड्यांत हुद्दा दिसत नाही, आडनाव विचारायचे नाही. गिऱ्हाईक हा शब्दच नव्हता, सभासद आणि संयोजक एवढेच दोन वर्ग. आणि तळाला कॅम्प म्हणायचे नाही, 'गाव' म्हणायचे. छळछावण्यांतून आलेल्यांची शुश्रूषा केलेल्या माणसाने 'कॅम्प' शब्द टाळला, हा मला योगायोग वाटत नाही.

पुढची कहाणी वेगाने सांगता येते. क्लब अल्कुदियात टिकला नाही. १९५१ मध्ये तो इटलीत बाराट्टीला गेला, १९५२ मध्ये ग्रीसच्या कॉर्फू बेटावर. ब्लिट्झची पत्नी क्लोदीन ताहितीत राहिलेली होती. तिच्यामुळे तंबूंच्या जागी पॉलिनेशियन धाटणीच्या गवती झोपड्या आल्या. खिशातले पैसे गेले, गळ्यातले मणी आले. पेयाची किंमत मण्यांत. ही युक्ती समतेची म्हणून वाखाणली गेली. मला ती व्यापाऱ्याची वाटते, कारण मणी मोजून खर्च करताना हात आखडत नाही. त्रिगानो १९५४ मध्ये खजिनदार म्हणून आला आणि १९६३ मध्ये प्रमुख झाला. मधल्या काळात संस्थेची कंपनी झाली आणि १९६१ मध्ये एदमॉं द रॉथ्सचाइल्डने त्यात भांडवल घातले. तंबू पुरवणारा कम्युनिस्ट आणि पैसे पुरवणारा बँकर, एकाच टेबलाशी. ब्लिट्झ हळूहळू बाजूला झाला आणि योगाकडे वळला. मद्रासच्या टी. कृष्णमाचार्यांच्या घराण्याशी, विशेषतः त्यांचे पुत्र देशिकाचार यांच्याशी त्याचा स्नेह जुळला. स्वित्झर्लंडमधल्या झिनाल गावी भरणारा युरोपीय योग संघाचा मेळावा उभा करण्यात त्याचा मोठा वाटा आहे. पुण्यात स्थायिक झालेले बी. के. एस. अय्यंगार हेही कृष्णमाचार्यांचेच शिष्य, तेव्हा पुणेकर साधकांचा आणि या तंबूवाल्याचा दूरचा गुरुबंधुत्वाचा धागा लागतो. १९९० मध्ये ब्लिट्झ वारला. राइट्झची कंपनी वाढत गेली, पण १९७४ मध्ये ती ज्यांच्या ताब्यात गेली ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ऐन हंगामात, दिवाळखोर झाले.

अल्कुदियाचे काय झाले? १९५९ मध्ये स्पेनने आर्थिक धोरण बदलले, १९६० मध्ये पाल्माचा विमानतळ खुला झाला, आणि राइट्झने घालून दिलेल्या वाटेने विमाने येऊ लागली. बेटमनने कोरड्या केलेल्या पट्ट्यावर, जिथे गहू उगवला नाही, तिथे हॉटेले उगवली. आल्बुफेराचा उरलेला भाग १९८८ मध्ये संरक्षित झाला, तो आता पक्षिनिरीक्षकांचा आवडता. बालेआरिक बेटांवर वर्षाला दीड कोटीहून अधिक पर्यटक येतात. जुलै २०२४ मध्ये पाल्माच्या रस्त्यांवर हजारो रहिवासी या गर्दीविरुद्ध उतरले. भाड्याचे घर मिळत नाही, ही त्यांची मुख्य तक्रार होती. मायोर्कात काम करणाऱ्या परिचारिका, शिक्षक, हॉटेलांतले कामगार यांतले कित्येक आज गाडीत किंवा कॅराव्हॅनमध्ये राहतात.

काल्वी मात्र तुलनेने वाचले. कॉर्सिकाच्या किनाऱ्यावर सिमेंटची भिंत उभी राहिली नाही, याचे श्रेय १९८६ च्या फ्रेंच किनारा कायद्याला देण्याची पद्धत आहे. अर्धे खरे आहे ते. दुसरे अर्धे असे की १९७६ पासून तिथल्या सशस्त्र राष्ट्रवाद्यांनी अर्धवट बांधलेली सुट्टीची गावे सुरुंगाने उडवून दिली आणि बांधकामवाल्यांनी धास्ती घेतली. निसर्गप्रेमी हा भाग मोठ्याने सांगत नाहीत. काल्वीच्या किनाऱ्यामागे पाइनच्या सावलीत आजही राहुट्या पडतात. थोड्या अंतरावर, १९६७ मध्ये अल्जीरियातून हलवलेल्या परदेशी पलटणीच्या छत्रीधारी रेजिमेंटचा तळ आहे. त्याचे नाव कॅम्प राफाली. सकाळी पोहायला निघालेल्यांना कधी कधी आकाशातून उतरणाऱ्या छत्र्या दिसतात.

आणि आर्जेलेस? तारांचे कुंपण युद्धानंतर गेले. आज त्या गावात पन्नासाहून अधिक तंबूतळ आहेत, आणि युरोपची कॅम्पिंगची राजधानी म्हणून ते स्वतःची जाहिरात करते. उत्तरेकडच्या किनाऱ्यावर, तळांकडे जाणाऱ्या वाटेशी, १९३९ च्या निर्वासितांच्या स्मरणार्थ एक शिळा उभी आहे. उन्हाळ्यात तिच्यावरून नजर सहज घसरते, कारण समोर समुद्र असतो.